कंट्रोलचे कांदे

लॅबच्या वहीत आम्ही तापमान लिहितो, वेळ लिहितो, पेशी मोजून लिहितो. पण अमरावतीच्या आमच्या लॅबमध्ये दिवसभर जे खरं घडतं, त्याला वहीत रकानाच नाही! मग ते साठत जातं आणि चहाच्या वेळी बाहेर पडतं.

* * *

आमचं काम एका वाक्यात: ओव्हनमध्ये, मोबाईलमध्ये असतात त्या मायक्रोवेव्ह लहरींनी जिवंत पेशींचं काय होतं ते पाहायचं. हेच मी अकोल्याच्या मामीला सांगितलं. मामीने लगेच ओट्यावरचा ओव्हन उचलून माझ्यापुढे ठेवला.

"याची प्लेट फिरून नाही राहिली. पाह्य बरं!"

"मामी, मी पेशींवर रिसर्च करते. ओव्हन दुरुस्त नाही करत."

मामी मामाकडे वळली. "घ्या! इतके वर्षं झाले शिकून राहिली, अन् अजून प्लेटपर्यंत नाही पोचली!"

* * *

कांद्याच्या मुळांच्या टोकाशी पेशी भराभर वाढतात, म्हणून आमचे बरेच प्रयोग कांद्यांवर. एका ट्रेमधल्या कांद्यांवर लहरी सोडायच्या, दुसरा ट्रे तसाच ठेवायचा, नुसता तुलनेसाठी. त्या दुसऱ्या ट्रेला म्हणतात कंट्रोल.

एका सोमवारी कंट्रोलचा ट्रे रिकामा!

"मीच नेले," आमचे लॅब अटेंडंट देवरावभाऊ शांतपणे म्हणाले. रिटायरमेंटला आलेला माणूस, खोटं बोलत नाही.

माझे गाईड देशमुख सर हादरलेच. "अहो, काहून?"

"ट्रेवर 'कंट्रोल' लिवलं होतं ना सर! कंट्रोलचा माल घरी न्यायसाठीच असते!"

रेशनच्या दुकानाला आमच्याकडे कंट्रोल म्हणतात, हे सरांना तेव्हा आठवलं.

* * *

मग रक्ताच्या पेशींवर काम सुरू झालं. रक्त देणारे निरोगी तरुण हवे होते. सरांनी अटी वाचून दाखवल्या: तंबाखूचा खर्रा नाही, सिगारेट नाही, दारू नाही, जागरण नाही, मोबाईल कामापुरता.

देवरावभाऊंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"सर, असा पोरगा सापडला तं त्याचं रक्त मंग घ्या. आधी माह्या भाचीसाठी पत्रिका मागा!"

* * *

एक किस्सा माझ्यावरचा. लहरी दिलेल्या कांद्यांच्या पेशींमध्ये मला बिघाड दिसला. कंट्रोलमध्ये जवळजवळ काहीच नाही! मी साऱ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले.

सरांनी पेढा खाल्ला, हात धुतले आणि पुढच्या वेळी लहरी सोडून होताच कांद्यांखालच्या पाण्यात थर्मामीटर घातला. पाणी चांगलंच तापलेलं होतं. "आता पाणी थंड ठेवून कर," म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. दोन्ही ट्रे सारखेच! माझी वर्षभराची मेहनत नुसत्या उष्णतेची निघाली. मी मायक्रोस्कोपवर डोकं टेकून रडले.

सर शेजारी स्टूल ओढून बसले. "चूक आपल्यालेच सापडली. दुसऱ्यानं नाही काढली. याचे पेढे माह्याकडून!"

आणि खरंच आणले.

* * *

गेल्या उन्हाळ्यात कौंडण्यपूरकडच्या एक आजी एसटीने आल्या. एकट्याच. पिशवीतून रुमालात बांधलेला साधा मोबाईल काढून सरांपुढे ठेवला.

"गावात म्हणतात याच्यातून किरणं निघतात, डोकं खराब होते. तुमी तपासता म्हणे. पाहून सांगा."

सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "आजी, आमी पेशी तपासतो, फोन नाही. घाबरण्यासारखं काही आमाले दिसलं नाही. पण सगळंच समजलं, असंही म्हणत नाही."

"मंग करू काय?"

"मनात भीती असन तं कानाले नका लावू. हे बटण दाबा, दूर ठेवून बोला. आवाज मोठा येते." सरांनी स्पीकर लावून दाखवला. "कोणासंग बोलता?"

"पोरासंग. पुण्याले राहते."

"मंग झालं तं! दोघांनाही सोपं."

आजींनी फोन पुन्हा रुमालात बांधला. गाठ पक्की केली.

"नाही जमणार बापा," त्या म्हणाल्या. "तो बोलतच नाही फारसा. कानाले लावलं का त्याचा श्वास ऐकू येते."