आधी वरचा बोल्ट

शाळेतून निवृत्त झाल्यावर हेमलताबाई गाडी चालवायला शिकल्या. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, क्लच दाबणं शक्यच नव्हतं, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. जुनीच, पण बरी राखलेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्या गढा मोहल्ल्यातल्या गल्लीतून गाडी बाहेर काढायच्या आणि मझौलीला मोठ्या बहिणीकडे, इंदिराकडे जायच्या. इंदिरा एकटी राहायची. तिची औषधं, भाजी, शिवाय आठवडाभर साठलेलं बोलणं, सगळं त्या गाडीतून जायचं.

नवरा श्रीरंगराव फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. त्यांचं आणि ऑटोमॅटिकचं जमलं नाही. पहिल्याच दिवशी सराफ्यात त्यांचा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. गाडी भर बाजारात जागीच थांबली, मागचा हातठेला डिकीला येऊन भिडला. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मात्र गाडीची देखभाल आपली, असं जाहीर करून टाकलं. धुणं, पुसणं, हवा बघणं. तिथवर ठीक होतं.

मग गाडी दुसरा गिअर घेताना झटका द्यायला लागली. कोपऱ्यावरचा मेकॅनिक विक्की म्हणाला, "गिअर का ऑइल बदलना पड़ेगा, आंटी. सोमवार को छोड़ जाइए."

श्रीरंगरावांनी ते ऐकलं आणि संध्याकाळभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले.

"यात काही नाही," जेवताना ते म्हणाले. "खालून जुनं काढायचं, वरून नवीन भरायचं. उद्या घरीच करतो."

"परवा मला मझौलीला जायचं आहे."

"दुपारपर्यंत होते ना! काहून घाबरून राहिली?"

शनिवारी सकाळी अंगणात गाडी जॅकवर चढली. खाली आधाराला लोखंडी घोड्या लागल्या. त्या मात्र श्रीरंगरावांनी नीट लावल्या होत्या, हे हेमलताबाईंनी स्वतः हलवून पाहिलं. मग ते पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. जरा वेळाने आवाज आला, "टब दे."

"कोणता?"

"कोणताही दे. लवकर. निघालं!"

हाताशी होता तो पापडाच्या पिठाचा टब. तो गाडीखाली गेला आणि त्यात काळपट, जळक्या वासाचं तेल पडू लागलं. श्रीरंगराव बाहेर आले ते चेहऱ्यावर शिंतोडे आणि विजय घेऊन. "पाहा कसं झालं होतं! नवीन लालभडक असते."

हेमलताबाईंनी टबाकडे पाहिलं. तो टब आता गेला. "नवीन कुठून ओतणार?"

"वरच्या बोल्टातून."

"तो उघडला?"

"उघडेल ना."

तो उघडला नाही. श्रीरंगरावांनी पाना लावला, जोर लावला, पान्यात पाईप घालून पुन्हा जोर लावला. बोल्ट जागचा हलला नाही. पाना तेवढा फिरला, आणि बोल्टाचे कोपरे निघून त्याचं डोकं गोल झालं.

"अहो," हेमलताबाई म्हणाल्या, "वरचा उघडत नाही हे आधी पाहायचं नव्हतं? खालचं तेल जाऊ द्यायच्या आधी?"

"व्हिडिओत तो हातानेच निघत होता."

"व्हिडिओतली गाडी आपली होती का?"

आता गाडीत तेल नव्हतं आणि घालायला वाटही नव्हती. चालवत गॅरेजला नेणं बंद. विक्कीला फोन केला. तो "अभी आया, आंटी" म्हणाला आणि दिवसभर आला नाही. दुपारी फाटक उघडं राहिलं, शेजारची गाय आत आली आणि टबाला धक्का देऊन निघून गेली. किती तेल निघालं ते मोजून तेवढंच नवीन भरायचं होतं. ते माप फरशीवर पसरलं. हेमलताबाईंनी त्यावर राख टाकली, आत गेल्या आणि दार जरा जोरातच लावलं.

रविवारी त्या बसने निघाल्या. सिहोऱ्याला उतरून दुसरी बस, हातात पिशव्या, गुडघा ठणकत. श्रीरंगराव "मीही येतो" म्हणाले. "तुम्ही विक्कीची वाट पाहा," एवढंच सांगून त्या चालू लागल्या.

"गाडी कुठं आहे?" इंदिराने विचारलं.

"दवाखान्यात."

"काय झालं तिला?"

"तुझे मेहुणे झाले."

इंदिरा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. हेमलताबाईंना हसू आलं नाही. परतीच्या बसमध्ये उभ्याने येताना त्यांच्या लक्षात आलं, राग तेलाचा नव्हता, टबाचाही नव्हता. आठवड्यातला एकच दिवस आपण कुणाला न विचारता निघतो, आणि तोच दिवस दुसऱ्याने न विचारता घेतला होता.

विक्की सोमवारी उगवला. त्याने बोल्टावर लहान गोटी, म्हणजे सॉकेट, ठोकून बसवली आणि तो काढला, पण बोल्ट निकामी झाला होता. "यह तो नागपुर से आएगा." तो यायला आठवडा गेला. पुढचा रविवारही बसचा.

बोल्ट आला तेव्हा श्रीरंगराव म्हणाले, "भरतो मीच. विक्कीने समजावलं आहे." हेमलताबाई गाडीत जाऊन बसल्या. तेल भरलं, इंजिन सुरू झालं. खालून आवाज आला, "आता एकेक गिअर टाक! आर, मग डी!"

"आधी बाहेर या."

"अगं, गाडी हवेत आहे. काही होत नाही."

"तुम्ही खाली असताना मी गिअर टाकणार नाही. दिवसभर बसायची तयारी आहे माझी."

कुरकुरत ते बाहेर आले. हेमलताबाईंनी गिअर फिरवले, परत 'पी'वर आणला, मग ते पुन्हा खाली गेले. तेलाची लेव्हल ठरवणाऱ्या छिद्रातून जास्तीचं तेल वाहिलं, धार बारीक झाली, थेंबावर आली. "बस! झालं!" छिद्र बंद झालं.

रविवारी दोघं मझौलीला गेली. गाडी लोण्यासारखी गिअर बदलत होती, हे हेमलताबाईंनाही मान्य करावं लागलं. परतताना श्रीरंगराव खुशीत होते. "आता ब्रेकचं ऑइल पण मीच..."

हेमलताबाईंनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"ही गाडी माझी आहे," त्या म्हणाल्या. "हिला पाना लावायचा तर आधी मला विचारायचं."

"कागदावर तर माझं नाव आहे."

"मग कागद चालवत घरी जा."

एक ट्रक धूळ उडवत गेला.

"बरं," श्रीरंगराव म्हणाले. "विचारीन." आणि मग, अगदी हळू, "ब्रेकचं ऑइल बदलू का?"

"नाही."

"बरं."

हेमलताबाईंनी गाडी रस्त्यावर घेतली.