निलेशची धाव

रविवारच्या कामांत कॉम्प्युटर साफ करणं होतं. बाळकुममधल्या आताच्या घरात सीपीयू उघडून ब्लोअर मारला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. थेट डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या खोलीचा.

तिथे मी पहिल्यांदा गेमचा व्हिडिओ एडिट केला. आमच्या खेळातले निवडक क्षण, गाण्याच्या प्रत्येक ठोक्यावर एक गोळी. एका क्लिपमध्ये माझा मित्र निलेश मुद्दाम उघड्यावर धावत जातो, सगळे त्याच्यावर गोळ्या झाडतात आणि तेवढ्यात मी मागून तिघांना टिपतो. माझी गोळी ठोक्यावर बसेना, म्हणून मी सुरुवात कापली. त्यात निलेशची धाव गेली.

व्हिडिओ बघायला तो आपल्या ताईला घेऊन आला.

"ताई, आता बघ हां, मी येतोय."

क्लिप संपली.

"तू कुठेयस रे?"

"अगं, मी तोपर्यंत मेलेलो," निलेश हसत म्हणाला. "पण याने कसले मारलेत, बघितलंस ना?"

मीही हसलो, सुटल्यासारखा. कापलेला तुकडा त्याच कॉम्प्युटरवर होता. तिथल्या तिथे परत जोडता आला असता. फक्त माझी गोळी ठोक्याच्या जराशी मागे पडली असती आणि तेवढंही मला तेव्हा चालणार नव्हतं.