तक्रार लालासाबच्या दारात

लालासाब आणि मी एका पाटीवर शिकलो. मी चौथीपर्यंत टिकलो, तो दुसरीतच पळाला. पण आज गावात माझं अक्षर कुणी वाचत नाही आणि त्याचा आवाज सगळे ऐकतात. हुपरीच्या अलीकडचं आमचं गाव. पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कधी, हे त्याच्या सायकलवरच्या कर्ण्यातून कळतं. एकदा माझा कोंबडा हरवला, तर यानं त्याच्या तुऱ्याचं आणि चालीचं असं झकास वर्णन केलं, की तिघांनी तीन कोंबडे आणून दिले! असू दे, कोंबड्याचं पुन्हा कधीतरी.

तर, आठ वर्षांपूर्वी या आवाजाला डाग लागला. दोन पावणे आले, गुडघेदुखीचं मोफत शिबिर म्हणाले. लालासाबनं कर्णा फिरवला. पावण्यांनी तेलाच्या बाटल्या खपवल्या आणि जेवणवेळेच्या आत पसार. गावातल्या म्हाताऱ्या बाळाबाईनं बाटली हुंगली, तर नुसतं एरंडेल. ती थेट लालासाबच्या दारात.

"मी त्या पावण्यांच्या तोंडाकडं बघून न्हवतो गेलो, लालासाब. तुझ्या आवाजावर गेलतो."

तेव्हापासून त्यानं औषधपाण्याचं एकही पुकारणं केलं नाही.

यंदा माझी नात स्नेहल आणि तिच्या कॉलेजच्या पोरापोरींनी बेत काढला. पोरींच्या अंगात रक्त कमी असतं, त्याबद्दल कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बोलायचं. आणि झुणका-भाकरीची कुपनं विकून शाळेतल्या मुलींच्या, दुसऱ्या दिवशीच्या मोफत रक्ततपासणीला पैसे उभे करायचे. चौकात फ्लेक्स लागला. सोळा फोटो, मधोमध गॉगल घातलेला, त्यांच्यातलाच सम्राट. खाली बारीक अक्षरात कार्यक्रम. संध्याकाळपर्यंत गावातल्या केरबानं फ्लेक्स वाढदिवसाचा समजून सम्राटला नारळ दिला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा!" कुपन मात्र एकही खपलं नाही.

मग पोरं लालासाबकडं गेली. मीही गेलो, असली गंमत मी सोडतोय होय!

"तपासणी फुकट म्हणताय, मग कुपन कशाचं?" लालासाबनं विचारलं.

"कुपन जेवणाचं, चाचा," स्नेहल म्हणाली. "त्यातनं उरेल ते तपासणीला."

"हे फ्लेक्सवर कुठं हाय?"

सम्राट म्हणाला, "जागा न्हवती."

"गॉगलला बरी जागा झाली! बरं, काय चुकलं तर लोकांनी कुणाच्या दारात जायचं?"

पोरांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

"तोंडं सोळा आणि दार एक न्हाय. तेलवाल्यांचंबी असंच होतं. जावा."

स्नेहलचं तोंड पडलं. पण मी लालासाबला ओळखतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात टोपी घालून उभा. "चल, ती डॉक्टरीण हाय का न्हाय बघून येऊ."

एसटीनं कोल्हापूर गाठलं, दवाखान्यात रांगेत बसलो. नंबर लागला तसा हा म्हणतो, "आजारी कोण न्हाय. तुम्ही आमच्या गावाला येणार हाय काय?"

डॉक्टर पूर्णिमाबाई हसल्या. "येणार की."

"काय विकणार?"

"काही नाही."

"दुपारी जेवणार कुठं?"

"तिथंच. पण मला तिखट सोसत नाही, माझा झुणका वेगळा काढायला सांगा."

बाहेर आल्यावर लालासाब म्हणाला, "बाई खरी हाय. पळून जाणारा माणूस दुपारच्या जेवणात खोड काढत न्हाय."

तरी संशय पुरता गेला नव्हता. फ्लेक्स उतरवायला लावला. कुपन कशाचं, पैसे कशाला, बोलणार कोण, हे पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग आठ वर्षांनी कर्णा औषधपाण्याचं बोलला. शेवटी त्यानं स्वतःचं जोडलं: "काय फसवाफसवी झाली, तर तक्रार मशिदीमागं, लालासाबच्या दारात!"

रविवारी दहा वाजले तरी मांडव रिकामा. मग बाळाबाई आली. ती डॉक्टरीणबाईंशी बोलली नाही, आधी टेबलाचा कपडा उचलून खाली वाकली.

"बाटल्या कुठं ठेवल्यात?"

"न्हाईत, आजी," स्नेहल म्हणाली.

बाळाबाईनं पातेल्यांच्या मागं बघितलं, सम्राटची पिशवीसुद्धा उघडली. मग कुपन घेतलं आणि पुढं जाऊन बसली. भिंतीआडून बघणाऱ्या बायका एकेक करून आत आल्या. दुपारी भाकऱ्या कमी पडल्या.

लालासाब जेवलाच नाही. तो घरी जाऊन दारात बसून राहिला, तक्रारीची वाट बघत. मी शेजारी. दिवे लागायच्या आधी बाळाबाई येताना दिसली, तसा त्याचा हात माझ्या गुडघ्यावर आला, तेही दुखऱ्या.

"तक्रार हाय," ती म्हणाली.

"बोल."

"झुणक्यात मीठ जास्त झालतं."

"आणि?"

"आणि काय? एवढंच. नातीला उद्या तपासायला पाठवतोय."

सकाळी सायकल बाहेर निघाली. सगळ्या गल्ल्या फिरून लालासाबनं पुकारलं, "कालच्या झुणक्यात मीठ जास्त झालतं, तक्रार मिळाली, गावानं माफी करावी!" असा खणखणीत आवाज मी आठ वर्षांत ऐकला नव्हता.