धुराड्यातला खोकला

“धुराडं पाडायचं न्हाय म्हंजी न्हाय. त्ये काय नुसतं इटांचं हाय व्हय? त्येंचा गळा हाय त्यो.”

“कुणाचा गळा, काकी?”

“तुझ्या काकांचा. आन् कुणाचा? सकाळी भट्टी प्येटली की खोकत्यात. आयकायचं आसलं तर सकाळच्याला ये. ह्या येळंला गप आसत्यात.”

विद्यापीठाकडून आलेल्या शर्वरीनं लिहायचं थांबवलं. शेजारी मारिट नावाची गोरी बाई उभी होती. मंगलाबाई काय म्हणतायत, असं तिनं इंग्रजीत विचारलं. शर्वरी म्हणाली, त्यांना थोडा वेळ हवाय. दुसरं काय सांगणार?

दूर बंगाली मुलखात, बागबाजारातल्या एका बोळात मंगलाबाईचं गलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढं भट्टीची खोली, मागं अॅसिडची, आणि दोन्हींचा धूर वर नेणारं एकच विटांचं धुराडं. आमच्या खानापूर-विट्याकडची माणसं या धंद्याला देशभर पांगलीत. सोनारांच्या कारखान्यातला केर विकत घ्यायचा, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ घ्यायचा, फाटके गमछे आणि झिजल्या चटया घ्यायच्या. ते सगळं जाळायचं, राख परातीत धुवायची. हलकं वाहून जातं, जड खाली राहतं. जे राहतं ते अॅसिडात उकळायचं, मग मुशीत वितळवायचं, की सोन्याची गोळी हातात येते. अॅसिडातून तांबडा धूर निघतो आणि तो छातीत जाऊन बसतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे तिथंच बसतात.

मंगलाबाईचा नवरा श्यामराव तसाच बसला. आधी खोकला, मग दम, मग एका हिवाळ्यात खाटेवरून उठलाच नाही.

गंगा चार पावलांवर होती. धाकट्या दिरानं, दिलीपनं, राख मडक्यातून आणली. घाटाच्या खालच्या पायरीवर मंगलाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. राख सांडू नये म्हणून मडकं तिनं बरोबर आणलेल्या परातीत रितं केलं. परात पाण्याला टेकली आणि हातांनी आपलं काम सुरू केलं. एक हिसडा, एक गिरकी, काठ जरा कलता. जन्मभर जे केलं तेच. वरचं करडं पाणी सावकाश निघून चाललं होतं.

“वैनी! आवो काय चाललंय! दादा हाय त्यो, झाडलोट न्हवं!”

दिलीपनं मनगट धरलं. मंगलाबाईनं परात उपडी केली. तळात काही होतं का नव्हतं, तिनं बघितलं नाही. ही गोष्ट दिलीप अजून घरच्या लग्नकार्यात सांगतो. सगळे हसतात, तीही हसते. पण तिचा हिशेब साधा होता. हलकं गेलं आणि जड मागं राहिलं, म्हणजे माणूस पुरता गेला नाही. अर्धा मागं राहिला.

पुढं वर्ष सरलं. पोरगा तन्मय कॉलेज सोडून अॅसिडच्या खोलीत बसायला लागला, आणि एका सकाळी भट्टीच्या तोंडातून खोकला आला. घोगरा, पोकळ, शेवटाला ओढ घेणारा, अगदी श्यामरावाचा. मंगलाबाई ना दचकली, ना रडली. तिनं पहिला चहा गाळला आणि कप भट्टीच्या कडेला ठेवला.

“घ्या. घसा शेकल.”

तेव्हापासून रोज पहिला चहा भट्टीला. निवला की तन्मय मागल्या खोलीतून यायचा आणि पिऊन टाकायचा. देवाचा नैवेद्य तरी कोण खातं?

मग ही विद्यापीठाची माणसं आली. शर्वरी याच शहरातल्या बेहाल्याची. बाप बँकेत साहेब होता, बदलीवर आला आणि इथंच घर करून राहिला. तिचं मराठी घरापुरतं. इथल्या विद्यापीठानं उत्तरेकडच्या एका थंड देशाच्या व्यापार संस्थेशी करार केला होता आणि मारिट त्या संस्थेची. तिकडच्या लहान सराफांना असं सोनं हवं होतं, जे खाणीतून काढलेलं नाही, ज्यापायी कुणाची छाती जळलेली नाही. केरातून काढलेलं सोनं त्यांना पसंत होतं. अटी दोनच. धूर बाहेर सोडण्याआधी पाण्यानं धुवायचा, आणि प्रत्येक गोळी कुणाकडून आलेल्या मालाची ते नावानिशी सांगायचं. नवं यंत्र ते बसवून देणार होते, पण त्याच्या धूर नेणाऱ्या नळाला जागा एकच होती. धुराडं पडल्याशिवाय ती मिळत नव्हती.

“धूर बी धुवायचा म्हंत्यात,” मंगलाबाई दिलीपला म्हणाली. “आपल्यासारखीच धुणारी माणसं दिसत्यात. पर धुराडं न्हाय.”

“वैनी, आवो आपलं पोरगं आत बसतंय.”

“बसतंय की. त्येचा बा बी बसत हुता.”

“आन् कुठं हाय आता बा?”

“धुराड्यात,” ती म्हणाली. दिलीपनं कपाळाला हात लावला आणि चप्पल पायात सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी खरंच आली. एकटीच. बोळात नळावर भांडी खणखणत होती. म्हातारे बंगाली घरमालक दत्तबाबू दारात पेपर वाचत बसले होते.

“मंगलाबौदी, तुम्हा बर्ग्यांना, लुटारू मराठा स्वारांना अडवायला इथून खंदक खणला होता आमच्या लोकांनी,” त्यांनी रोजची थट्टा केली. “तरी शिरलातच!”

“आर्धाच खणून सोडला की वो बाबू. आमचा काय दोष?”

तिनं शर्वरीला आत घेतलं, पाटावर बसवलं आणि भट्टी पेटवली. पंखा घरघरला, कोळसा लाल झाला. मागच्या खोलीचं दार लागलेलं होतं. मंगलाबाईनं चहा गाळून कप कडेला ठेवला आणि तोंडावर बोट धरलं.

आला. विटांच्या आतून, वरून खाली घरंगळत आल्यासारखा.

शर्वरीनं मान वर केली. “काकी, कोण खोकला?”

“तुला आयकू आलं?” मंगलाबाईचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला ऐकू येतं का, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. “मग? मी काय खोटं सांगत हुते?”

शर्वरी उठली. भिंतीला कान लावला, धुराड्याकडं बघितलं, मग धुराडं मागं कुठं जातं तिकडं बघितलं. तिनं जाऊन मागचं दार ढकललं.

तन्मय काचेच्या भांड्यावर वाकला होता. तांबडा धूर त्याच्या डोक्यावरनं धुराड्याच्या भोकात चालला होता. गमछा तोंडात कोंबलेला, डोळे पाण्यानं भरलेले, आणि खांदे हिसके देत होते. आवाज या खोलीत जवळजवळ नव्हताच. तो सगळा भोकात शिरत होता आणि पुढं, भट्टीच्या तोंडातून, बापाचा होऊन बाहेर पडत होता.

मंगलाबाई दारात उभी राहिली. मग आत जाऊन तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

“कवापासनं?”

“आई, तुला कळलं असतं तर तू मला गावाला धाडलं असतंस.”

“धाडलाच आसता! मुडद्या, तुझा चा मी भिताडाला पाजत हुते.”

“मीच पीत होतो ना पण तो,” तन्मय म्हणाला आणि हसायला गेला. हसू खोकल्यात बुडालं.

ती बाहेर येऊन पाटावर टेकली. कपातल्या चहावर साय धरली होती. पोरगं आत जळत होतं हे एक. आणि दुसरं, जे ती कुणापाशी बोलली नाही, ते असं की श्यामराव मग त्या दिवशी घाटावरच गेला होता. पुरता. इतकी वर्षं ती एकटीच होती.

“पाडा,” ती शर्वरीला म्हणाली. “आजच्या आज.”

आज कुठलं, आठवडा गेला. पण पडलं. आतून काजळी निघाली, काळी, चिकट, पोत्यांनी. मजूर ती बोळात टाकायला निघाले तशी मंगलाबाई आडवी आली. धंद्यात काजळी टाकत नाहीत, धुराबरोबर सोनंही थोडं वर चढतं. तिनं ती जाळली आणि परात घेऊन धुवायला बसली. एक हिसडा, एक गिरकी, काठ कलता. या वेळी मनगट धरायला कुणी नव्हतं, आणि या वेळी तिनं तळात बघितलं.

गोळी चिंचोक्याएवढी निघाली.

नव्या करारातला तो पहिला माल. मारिटनं गोळी तळहातावर घेऊन विचारलं आणि शर्वरीनं मराठीत सांगितलं, “काकी, हे कुणाचा माल आहे? नाव द्यायला लागेल.”

“धुराड्याचा.”

“माणसाचं नाव पाहिजे.”

“मग श्यामराव लिव.” ती जराशानं म्हणाली, “त्येंच्या छातीत गेलं त्यातनं उरलेलं हाय. तिकडं कुणी बोटात घालंल तर घालू दे. हितं ठिवून मी काय करू?”

शर्वरीनं ते मारिटला जसंच्या तसं सांगितलं. मारिटनं गोळी लगेच पिशवीत टाकली नाही, थोडा वेळ मुठीत धरून उभी राहिली.

यंत्र बसलं. भट्टीवर पत्र्याची छत्री आली, आत पाण्याचा फवारा, बाहेर चकचकीत नळ. डॉक्टरांचं सांगणं होतं की फोटो काढल्याशिवाय छातीचं काही बोलता येणार नाही. तो काढायला दिलीप तन्मयला सकाळीच दवाखान्यात घेऊन गेला.

मंगलाबाईनं एकटीनं दुकान उघडलं. मागच्या खोलीला कुलूप होतं. तिनं चहा गाळला, एकच कप, आणि स्वतः प्यायला. भट्टी पेटवली. फवारा सुरू झाला, पंखा घरघरला.

आणि नळातून खोकला आला. घोगरा, पोकळ, शेवटाला ओढ घेणारा.

तिनं मागच्या दाराकडं बघितलं. कुलूप तसंच. बोळात दत्तबाबूंची खुर्ची रिकामी होती.

ती नळाकडं तोंड करून म्हणाली, “आता काय ऱ्हायलंय आत? सगळं धुऊन काढलंय की तुमचं.”

पुन्हा खोकला आला, जरा दबका. मंगलाबाईनं हात पदराला पुसले, सांडशी उचलली आणि मूस आगीत ठेवली.