फुलपाखरं हवीत, अळ्या नकोत

"मॅडम, तुमच्या झाडायले किडे पडले. आजच्या आज बदलून द्या."

अमरावतीहून राऊत सरांचा फोन. सर कोचिंग क्लास चालवतात, केमिस्ट्री शिकवतात. मी अकोल्याची, घरगुती बागांचं डिझाइन करते. पुण्याच्या मित्राकडे बटरफ्लाय गार्डन पाहून आल्यापासून सरांनाही तसंच हवं होतं.

"किडे नाहीत सर, अळ्या आहेत. त्यांचीच फुलपाखरं होतात."

"ते मले मालूम आहे. पन पानं खाऊन राह्यल्या ना त्या!"

अळ्या पानंच खातात. फुलपाखरू ज्या झाडावर अंडी घालतं, त्याला आम्ही होस्ट प्लांट म्हणतो. अळी फक्त त्याचीच पानं खाते. म्हणून मी लिंबू आणि कढीपत्ता लावला होता. हे सगळं मी सरांना साइटवर दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा सर मोबाइलमध्ये होते आणि दोन्ही वेळा "हो हो, करून टाका" म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी गेले, तर गेटपाशीच औषधाचा वास. सरांचे वडील, आबाजी, पाठीवर पंप घेऊन लिंबावर फवारत होते. तोंडाला साधा रुमाल नाही. बुंध्याशी अळ्यांचा सडा पडलेला.

"आबाजी, थांबा!"

"काहून? या अळीनं वरूडच्या बागेत माह्या संत्र्याच्या कलमा खाल्ल्या. दुश्मनाले कोनी घरी जेवाले बोलावते काय?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता. लिंबू, कढीपत्ता, संत्रा एकाच कुळातले. चाळीस वर्षं बाग केलेल्या माणसाला ही अळी माझ्यापेक्षा जास्त माहीत. फक्त ही झाडं तिच्यासाठीच लावलीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलानं नाही, मीही नाही.

तेवढ्यात कढीपत्त्याकडे लक्ष गेलं. दोन डहाळ्या ताज्या तोडलेल्या.

"यावरही मारलं?"

"सकाळीच."

मी चपला न काढता स्वयंपाकघरात शिरले. गॅसवर सरांच्या बायकोचे कढीगोळे उकळत होते, दोन्ही मुली ताटं घेऊन बसलेल्या.

"वहिनी, वाढू नका. त्या कढीपत्त्यावर औषध मारलंय."

सर पेपर बाजूला ठेवत म्हणाले, "धुतलाच असंल ना. काही होत नाही."

"सर, तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना?"

वहिनींनी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. भांडं उचललं आणि मागे नेऊन मातीत रिकामं केलं. आबाजी दारात उभे होते.

"पोरीयच्या पोटात गेलं असतं," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. औषध कातडीतूनही अंगात जातं, म्हणून मी त्यांना आधी आंघोळीला पाठवलं.

सर वडिलांवर ओरडले, मग माझ्यावर. स्वतःवर ओरडायचं त्यांना सुचलं नाही. मी निघाले तेव्हा आबाजी ओल्या केसांनी गाडीपर्यंत आले.

"मले आंधी सांगतलं असतं, त म्या राखन केली असती."



आठवड्याभरात सरांनी झाडं उपटली, प्लास्टिकचं लॉन अंथरलं आणि भिंतीवर पत्र्याची फुलपाखरं ठोकली. मला मुद्दाम फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'झीरो मेंटेनन्स'. पत्रा तेवढा गंजत नसावा.

तेव्हापासून कुठेही गेले की झाडांजवळ रोज कोण जातं ते विचारते आणि प्लॅन त्यालाच समजावते. साहेबांना फोटो पुरतो.