पॅचनंतरचा लाल दिवा

मंडळी, आज पहिल्यांदाच मी एकटीने सॉफ्टवेअरमध्ये सुधारणेचा पॅच टाकला.

आमच्या उरवड्याच्या कारखान्यात एकाच मोठ्या मशीनवर सगळे व्हर्च्युअल सर्व्हर चालतात. त्यांच्यावर आणि यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. आमचे हे गेल्यावर मी त्यांचीच पुस्तकं वाचून हे काम शिकले. आज पॅच फसला असता, तर हे काम पुन्हा बाहेरच्या माणसांकडे गेलं असतं.

पॅच बसला. स्क्रीनवर सगळं हिरवं. साहेबांना कळवायला फोन उचलला, तोच दर गुरुवारी जाते तशी लाईट गेली. जनरेटर सुरू करून वायरमन बबनराव दारात आले.

"वैनी, तुमचं यंत्र आज वरडलं न्हाई. झोपलं का काय?"

खरंच की. लाईट गेली की ती परत येईपर्यंत स्क्रीनवर यूपीएसचा दिवा लाल असतो, अलार्म वाजतो. म्हणजे समोरचं हिरवं मघाचंच होतं. माहिती गोळा करणारी सर्व्हिस मी पॅचसाठी बंद केली होती आणि पुन्हा सुरूच केली नव्हती.

सुरू केली. लाल दिवा लागला, अलार्म वाजला.

"आत्ता कसं," बबनराव म्हणाले.

साहेबांना सगळं सांगितलं. "पुढचे पॅचही तुम्हीच टाका," म्हणाले.

ही बातमी ज्यांना आधी सांगायची, ते नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही अशी बातमी आधी कोणाला सांगता?