आखूड बाह्यांची गोष्ट

दर गणपतीत मी एक गोष्ट सांगायचे. वाकोल्याला आमच्या कारखान्याच्या मास्टरांच्या घरी, दुपारच्या जेवणाला. पानं अर्धी झाली की त्यांची धाकटी म्हणायची, "ताई, बाह्यांची गोष्ट सांग ना." की मी सुरू. अकरा गणपती सांगितली. शेटचा आवाज काढायचे, त्याचा चष्मा नाकावरून कसा घसरायचा ते करून दाखवायचे. मुली हसायच्या. मास्टर पानाकडे बघत म्हणायचे, "पुरे गो बाय, जेव आता." आणि काकी, म्हणजे त्यांच्या बायको, उठून आत जायच्या, वरण आणायला. मला वाटायचं, काय बाई आहे, कुणाचं पान रिकामं बघवत नाही हिला.

गोष्ट अशी. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आमचा शर्टांचा कारखाना. मी तिथे बाविसाव्या वर्षी लागले, पॅटर्नच्या टेबलावर. शर्टाचा प्रत्येक भाग आधी पुठ्ठ्यात कापतात, तो पॅटर्न. त्याच्यावरून मग कापडाचे थरच्या थर कापले जातात. म्हणजे पुठ्ठ्यात झालेली चूक एका शर्टात राहत नाही, सगळ्या शर्टांत जाते. पॅटर्न मी करायचे आणि मास्टर तपासायचे. त्यांनी कोपऱ्यात लाल पेन्सिलीने सही केली की तो कटिंगला जायचा. लाल पेन्सिल सगळ्या कारखान्यात फक्त त्यांच्याकडे. कानावर खोचलेली.

कापड धुतलं की आटतं. म्हणून कुठलं कापड किती आटेल ते बघून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तर मी लागल्यावर तीन वर्षांनी, एका मोठ्या ऑर्डरमध्ये, सगळे शर्ट शिवून, धुऊन, इस्त्री होऊन आले आणि सगळ्यांच्या बाह्या आखूड. मनगटाच्या वर दोन सेंटीमीटर. एक शर्ट अंगात घालून आमचा चेकर हात पुढे करून उभा राहिला, तर धाकट्या भावाचा घातल्यासारखा दिसत होता. शेट केबिनमधून बाहेर आला आणि म्हणाला, "बाहीचा पॅटर्न कुणाचा?"

माझा होता. आणि मास्टर पुढे झाले. म्हणाले, "पोरीने आटायचं माप धरलं नाही, शेट. पण सही माझी आहे. जे काय बोलायचं ते मला बोला. तिला हात लावायचा नाही." शेट बोलला. चाळीस माणसांसमोर बोलला, नको नको ते बोलला. मास्टर मान खाली घालून उभे. मी रडत होते. नंतर मी पॅटर्न मागितला, कुठे चुकले ते बघू म्हणून, तर म्हणाले, "फाडून टाकला मी. शेटच्या हातात पडला असता तर रोज तुझ्या नाकासमोर नाचवला असता त्याने." मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले, कापडाच्या चिंध्यांत गुडघे टेकून.

मी माप धरायला विसरले कशी, हे मला आठवत नव्हतं. पण त्या आठवड्यात माझे वडील हॉस्पिटलमध्ये होते, मी घाटकोपरहून आधी तिथे डबा देऊन मग कामावर यायचे. मास्टर मायेने म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं, बाय. होतं असं माणसाचं." आणि मी ते धरून चालले. डोकं ठिकाणावर नव्हतंच. महिन्याभरात वडील गेले. मग बापाच्या जागी हाच माणूस.

आणि होताच तो तसा. खोटं कशाला सांगू? कात्री उचलायची नाही, सरकवायची, हे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. घाई केली की म्हणायचे, "हळू गो, कापड काय पळान जाणा नाय." दुपारी एक वाजता घरी फोन, "जेवलात काय?" एवढाच, पण एक दिवस चुकला नाही. काकी सकाळी लवकर शाळेत सेविका म्हणून जायच्या, तर दोन्ही मुलींच्या वेण्या मास्टर घालायचे. भांग असा सरळ की पट्टी ठेवून काढलाय. माझ्या लग्नाचा ब्लाउज त्यांनी स्वतः कापला, सासरच्या बायका खांदा चाचपून बघत होत्या. अशा माणसाबद्दल कोण काय शंका घेणार?

त्या बाह्यांनंतर मात्र माझा हात गेला. म्हणजे काम चांगलंच व्हायचं, पण माझा माझ्यावर भरवसा उरला नाही. दुधाने तोंड पोळलेलं, मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. एक माप तीनदा घ्यायचे. तरी पुठ्ठा घेऊन मास्टरांसमोर उभी राहायचे, लाल सही मिळेपर्यंत. ते जेवत असले तर थांबायचे. रजेवर असले तर पॅटर्न कटिंगला द्यायचेच नाही. कटिंगवाले चिडवायचे, "काय ताई, पोटभर जेवलीस ते तरी कळतं का, की त्यालाही मास्टरची सही लागते?" मालाडच्या एका कारखान्याने मला मास्टर म्हणून बोलावलं होतं, स्वतंत्र टेबल, हाताखाली तिघं. मी मास्टरांना विचारलं. ते बराच वेळ कात्री पुसत बसले. मग म्हणाले, "घाई नको करू. बघ तू." मी नाही गेले. नवरा म्हणाला, वेडी आहेस. मी म्हटलं, तुला नाही कळायचं, मी एकदा वाट लावलीय, परत लावीन.

मास्टर या वर्षी माघात गेले. सकाळी वेणी घालायला आता मुली नव्हत्या, नात होती. तिची वेणी घातली, चहा प्यायले आणि खुर्चीत गेले. तेरावं झाल्यावर कारखान्यात कटिंगच्या टेबलाजवळ सगळे जमलो, फोटोला हार घातला, शेट म्हणाला कोणी तरी बोला. मी बोलले. काय बोलले? तीच गोष्ट. बाह्यांची. ह्या वेळी कोणी हसलं नाही. चेकर डोळे पुसत होता. शेट नंतर म्हणाला, "मास्टरची जागा तू घे." मी हात जोडले. म्हटलं, बाहेरून माणूस आणा, मी त्याच्या हाताखाली करीन, मला तपासणारं कोणी तरी लागतं. शेटने सोमवारपर्यंत विचार कर म्हणून सांगितलं. माझा विचार झाला होता.

शनिवारी काकींचा फोन. घराला रंग काढायचाय, माळ्यावर ह्यांचे पुठ्ठे पडलेत, तू येऊन बघ आणि काय हवं ते ने. मी म्हटलं, काकी, रद्दीवाल्याला द्या ना. म्हणाल्या, "नको. तूच ये."

रविवारी गेले. स्टुलावर चढून माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले. सुतळीने बांधलेले, त्यांच्या वळणदार अक्षरात वर लिहिलेलं, कॉलर, खिसा, कफ. मुलींच्या शाळेच्या फ्रॉकचे पॅटर्न पण होते, इयत्तेसकट. मी एकेक बघत होते आणि डोळे भरून येत होते. सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकच पुठ्ठा. उघडला. बाही.

अक्षर माझं. आर्टिकलचा, म्हणजे त्या ऑर्डरच्या शर्टाचा, नंबर तोच. तो माझ्या डोक्यात कोरलेला आहे, झोपेतून उठवून विचारा. पुठ्ठा मनगटाच्या बाजूने सरळ कापलेला, एका दमात, कात्री न उचलता. तसा हात एकाच माणसाचा. कापाच्या वर लाल पेन्सिलीने लिहिलेलं: कापड आधीच धुतलेलं, २ सेंमी कमी. खाली सही. आणि कापून काढलेली पट्टी मागे पिनेने लावून ठेवलेली. त्या पट्टीवर माझं अक्षर: आटायचं माप धरलं आहे.

मी स्टुलावरच बसले. पट्टी पुठ्ठ्याला लावून बघितली. मग परत लावून बघितली. तिसऱ्यांदा पण लावली, सवय दुसरं काय. बरोबर दोन सेंटीमीटर.

म्हणजे मी धरलं होतं. ते कापड धुतलेलं आहे असं त्यांना वाटलं, दुसऱ्या ऑर्डरचं कापड डोक्यात असेल, आणि त्यांनी माझं बरोबर माप कापून टाकलं. चूक कुणाचीही होते. माझी झाली असं मी अकरा वर्षं धरून चाललेच होते की. पण त्यानंतर तो माणूस उभा राहून "पोरीने माप धरलं नाही" म्हणाला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणाला. माझ्या बापाच्या आजारपणाचा आडोसा घेतला त्याने. मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला. मालाडचं विचारलं तेव्हा कात्री पुसली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मी वर मान पुढे करून दिली, दरवर्षी, मोदक खाऊन. मला त्या क्षणी मास्टर जिवंत हवे होते, शेटसारखं चाळीस माणसांत बोलायला.

काकी चहा घेऊन आल्या. मी पुठ्ठा खाली ठेवला नाही. त्यांनी बघितला आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"मिळाला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलेलं ह्यांनी. जेवले नव्हते. म्हणाले, शेट समोर आला आणि तोंडातून निघून गेलं. उद्या सांगतो म्हणाले तिला. मग तुझे वडील गेले. मग म्हणाले, जरा सावरू दे तिला." काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मग गणपतीला तू आलीस आणि ती गोष्ट सांगितलीस. मुली इतक्या हसल्या, इतकं कौतुक वाटलं त्यांना बापाचं. त्यानंतर कसं सांगणार होते ते?"

"आणि तुम्ही?"

"मला ऐकवायचं नाही. मी आत जायचे."

वरण आणायला. अकरा वर्षं ती बाई माझ्या गोष्टीतून उठून जात होती आणि मी तिला अन्नपूर्णा समजत होते.

"एक सांगू?" काकी म्हणाल्या. "घरी ते रोज म्हणायचे, तिचं मला तपासावंच लागत नाही. डोळे मिटून सही करतो. माझ्यापेक्षा हात चांगला आहे तिचा."

मला वाटतं, त्यांना हे सांगून माझं समाधान करायचं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे वाक्य घरी बायकोला सांगितलं. मला एकदा, एकदाच सांगितलं असतं, बाकी काही कबूल केलं नसतं तरी चाललं असतं. डोळे मिटून केलेल्या त्या सहीसाठी मी त्यांचं जेवण होईपर्यंत उभी राहायचे.

मी गॅलरीत गेले आणि शेटला फोन लावला. रविवार होता, तो वैतागलाच. मी म्हटलं, "बाहेरून माणूस आणू नका. टेबल मी घेते. तपासायला कोणी नको." तो बरं बरं म्हणाला आणि ठेवला फोन.

पुठ्ठा आणि पट्टी पिशवीत घातली. बाकीचे गठ्ठे तिथेच ठेवले. चहावर साय धरली होती, तो मी घेतला नाही. चप्पल घालताना काकी दारात आल्या. हे जाऊन वर्ष झालं नाही म्हणून घरी नुसती पूजा करणार, मोठी मुलगी तिच्याकडे बसवणार गणपती, जेवायला सगळे तिकडेच, असं काय काय सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू येशील ना गो?"

"येईन," मी म्हटलं. "पण ह्या वर्षी गोष्ट तुम्ही सांगायची."